बसायच्या जागेची यादी

सिगारेटचं विझलेलं थोटूक.

बंदुकीचा लाकडी दस्ता.

बोकडानं डोक्यानं दिलेली धडक.

समुद्राचा तळ.

गाढव.

लेकरं वाढवणं.

रस्त्यावर झोपणारा रिकामटेकडा माणूस. हा फक्त अमेरिकेत.

कमरेचा पट्टा, मोठा साइज, लातूर.

शेवटची ओळ वेगळी आहे. बाकी सगळ्यांना इंग्रजीत जे शब्द आहेत, तेच माणसाच्या बसायच्या जागेलाही आहेत. बट, बॉटम, ॲस, रिअर, बम. नांदेडला वजिराबादेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून मी हे कॉम्प्युटरला शिकवते. पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं. त्या शब्दाखाली पिवळी रेघ असते. खाली पाच बटणं: शरीर, शिवी, लाड, वस्तू, इतर. दिवसाला सहाशे वाक्यं.

आई बाळाला पुसताना बोलली तर लाड. तोच शब्द ट्रकवाला बोलला तर शिवी. इंग्रज माणसानं खूप काम केलं की त्याची बट गळून पडते. खूप हसला तरी गळून पडते. दोन्ही वेळा इतर.

पहिल्या आठवड्यात मला हसू आलं. दुसऱ्या आठवड्यात लाज वाटली. उलटं व्हायला पाहिजे होतं. तिसऱ्या आठवड्यापासून काही झालं नाही.

फैजान आमचा टीम लीडर. त्याचं टेबल माझ्या पाठीमागं आहे.

"उज्ज्वला मॅडम, इंग्रजांना बसायला जागा एकच. नावं बघा किती."

"आपल्याकडं?"

"आपल्याकडं बी हायत की. घेत कोण न्हाई."

*

पट्ट्याचं असं झालं.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. डिसेंबरात त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते लातूरला माझ्या धाकट्या भावाच्या घरी पडून आहेत. भागवत आडत दुकानात कामाला आहे. जानेवारीच्या शेवटी त्याचा फोन आला.

"अक्का, अण्णांची कंबर लई दुखायली."

डॉक्टर घरी येऊन गेले होते. काय दुखतं विचारलं, भागवतनं कंबर सांगितली. गोळ्या दिल्या. पट्टा दिला. पट्टा बांधून चार दिवस झाले होते.

"फरक?"

"न्हाई. उलट रात्रभर कण्हतेत."

दुसऱ्या फोनवर वहिनी होती. शिल्पावहिनी अण्णांना भरवते, गोळ्या देते, पेपर वाचून दाखवते. ती म्हणाली, "ताई, खोलीत वास येतोय. मी रोज ऊद जाळते. मामांना काही म्हणता येत न्हाई."

"लघवीचा?"

"तसा न्हाई. गोडसर."

माझ्यासमोर वाक्य होतं: म्हातारा दिवसभर खुर्चीवर बॉटम टेकवून बसला. मी 'शरीर' दाबलं. मग वहिनीला म्हणाले, "भागवतला दे."

"बोल अक्का."

"अण्णांच्या ढुंगणावर जखम आहे का?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"काय बोलायलीस तू?"

"आहे का?"

"मला काय म्हायीत."

"रोज साफ तूच करतोस ना?"

"करतो की. चादरीखालून करतो. बापाचं बघू न्हाई, अक्का. मी भिंतीकडं बघून करतो."

फैजाननं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं हेडफोन कानावर चढवले. माझ्या पडद्यावरचं पुढचं वाक्य बोकडाचं होतं.

*

नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. सीटचा स्पंज गेलेला होता, पत्रा लागत होता. अहमदपूरच्या पुढं मला माझी बसायची जागा जाणवेनाशी झाली. मांडी हलवली, मुंग्या आल्या. दोन-तीन मिनिटं मुंग्या. मग बरं वाटलं. माणूस स्वतः हलू शकत असला की एवढंच लागतं.

*

अण्णांच्या खोलीत ऊद भरून राहिला होता. मी खिडकी उघडली. भागवत दारात उभा राहिला.

"मी बाहेर थांबतो."

"धरायला लागेल."

तो आला. आम्ही अण्णांना डाव्या कुशीवर घेतलं. मी चादर काढली. धोतर सोडलं. अण्णांनी चांगला हात कसाबसा तोंडावर घेतला. भागवत भिंतीकडं बघत होता.

"इकडं बघ," मी म्हणाले.

त्यानं पाहिलं.

मध्ये लिंबाएवढा खड्डा होता. कडा काळी. पट्ट्याची खालची शिवण बरोबर तिथंच टेकत होती. आत काहीतरी पांढरं दिसत होतं.

भागवत म्हणाला, "रोज पुसताना हाताला कड लागायची. मला वाटलं, पट्टाच सरकला." मग भिंतीला टेकून खाली बसला.

अण्णा हाताआडून म्हणाले, "झालं का बघून?" शब्द अर्धेच बाहेर आले, पण कळले.

"झालं, अण्णा."

"मग झाका."

मी झाकलं. शिल्पावहिनी दाराबाहेर पदर तोंडाला लावून उभी होती. रिक्षात अण्णांना झोपवता येईना, म्हणून शेजारच्यांचा छोटा टेम्पो मागवला.

*

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण होती. तिनं हातमोजे घातले, पाहिलं, कागदावर जखमेची जागा लिहिली. तो इंग्रजी शब्द आमच्या यादीत नव्हता. आठ महिन्यांत एकदाही आला नव्हता.

"जखम हाडापर्यंत गेली आहे. लवकर दाखवायला हवं होतं," ती म्हणाली. "कधीपासून आहे?"

भागवत म्हणाला, "हप्ता झाला असंल."

वहिनी म्हणाली, "संक्रांतीच्या नंतर वास सुरू झाला."

डॉक्टरीण माझ्याकडं बघत होती.

"मी नांदेडला असते," मी म्हणाले.

तिनं कागदावर 'तीन आठवडे' लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

अण्णा तिथं एकोणीस दिवस होते. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं. विसाव्या दिवशी सकाळी आयाबाईनं चादर काढून खाट पुसली. ती पण भिंतीकडं बघत पुसत होती, पण तिच्याशी मोबाइलवर कुणीतरी बोलत होतं.

*

बारा दिवसांनी मी कामावर गेले. फैजाननं चहा आणून ठेवला. म्हणाला, "दुसरी यादी घ्यायची का, मॅडम? फळांची हाय."

"नको. हीच संपवते."

त्या दिवशी पाचशे ऐंशी वाक्यं झाली. गाढव, थोटूक, लाड, तळ. लेकरं वाढवण्याचं एक आलं. मी 'इतर' दाबलं.

नऊ जानेवारीला दुपारी पावणेतीन वाजता अण्णांनी वहिनीच्या मोबाइलवरून मला फोन केला होता, "बाई, बुडाला आग व्हायली," असं सांगितलं होतं आणि मी "कूस बदला, अण्णा, कामात आहे," असं म्हणून ठेवला होता.