चि. सौ. कां. संजना आणि पर्यावरण

आमच्या कॉलेजात संजना दोंदे मॅडमना सगळे 'कचरा मॅडम' म्हणतात. अर्थात मागून. समोर म्हणायची कोणाची छाती नाही. त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात, सुट्टीच्या दिवशी एसटीने हरसूल, कळवण नाहीतर नामपूर गाठून बचत गटाच्या बायकांना कचऱ्याचं खत करायला शिकवतात, आणि स्टाफरूममध्ये कोणी कागदी कपात चहा घेतला की त्याच्याकडे अशा बघतात, की चहा कडू लागावा. मी मराठीचा, म्हणजे तसा निरुपद्रवी प्राणी. माझ्याही हातातून त्यांनी कप काढून घेतलेला आहे.

यंदा त्यांनी पर्यावरण परिषद भरवायचं ठरवलं, तीही कचरा न करता. प्राचार्यांना हा सगळा पोरखेळ वाटतो. त्यांनी हॉल दिला, पण अट घातली, की जेवणाला एक जरी वापरून फेकायची प्लेट लागली तर पर्यावरण समिती त्याच दिवशी बंद. वर त्या प्लेटांचे गठ्ठे आणून केबिनमध्ये रचूनही ठेवले. समिती मॅडमनी एकटीने उभी केली होती. त्या 'चालेल' म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

कागद वाचवायचा म्हणून निमंत्रण फोनवरच पाठवायचं होतं. ते केलं कॉलेजसमोरच्या छपाईवाल्या नवनाथने. लग्नसराई चालू होती. त्याने हाताशी होती ती लग्नपत्रिका उघडली, झेंडूची तोरणं तशीच ठेवली, वधूच्या जागी 'संजना दोंदे' टाकलं, वराच्या जागी, 'समिती' मावेना म्हणून, नुसतं 'पर्यावरण', मधलं 'आणि' राहू दिलं, आणि मॅडमच्या नावाआधीचं 'चि. सौ. कां.' पुसायचं विसरला. तळाला मॅडमनी सांगितलेली ओळ होती : 'कृपया येताना ताट, वाटी, पेला आणावा.' मला फक्त शुद्धलेखन तपासायला सांगितलं होतं. शुद्धलेखन चोख होतं.

परिषदेच्या दिवशी कळवण, नामपूर, हरसूलच्या बायका जीपगाड्या भरभरून आल्या. ठेवणीतल्या साड्या, केसांत गजरे, आणि प्रत्येकीच्या हातात चमचमत्या कागदात बांधलेलं पुडकं. नामपूरच्या लंकाबाईंनी आपलं पुडकं मॅडमच्या हातात दिलं, कानशिलावर बोटं मोडली आणि विचारलं, नवरदेव कुठे आहे.

मॅडमनी पुडकं सोडलं. आत स्टीलचं ताट, वाटी आणि पेला. ताटाच्या काठावर कोरलं होतं : 'चि. पर्यावरण व चि. सौ. कां. संजना यांस लंकाबाईकडून सप्रेम भेट.'

मॅडम उशिरा का होईना लग्न करताहेत, आणि त्यांनी मोकळेपणाने आहेर काय आणायचा तेही सांगितलंय, अशी गावोगावी समजूत झाली होती. मला इतकं हसू आलं की मी खांबाआड गेलो. मग खांबाआडून मॅडमचा चेहरा दिसला आणि हसू तिथेच थांबलं. ज्या बाईला आमच्यापैकी कोणी कधी वाढदिवसाला साधं फूल दिलं नव्हतं, तिच्यासाठी तीन तालुक्यांनी नावं कोरून आणली होती. मला माझी लाज वाटली.

मॅडमनी माइकवरून खरं काय ते सांगितलं. हॉल हसून हसून लोळला. भाषणं झाली, गांडूळखतावर भांडणही झालं. पंचाईत झाली ती जेवायच्या वेळी. ताटं सगळ्यांनी आणली होती, पण आहेर म्हणून टेबलावर ठेवलेली; ती जेवायला कोणीच उचलेना. मॅडमनी विनवणी केली तेव्हा लंकाबाईंनी आपल्या अहिराणीत ठाम नकार दिला.

"आहेर शे माय हाऊ. परत लेता येस नही."

तेवढ्यात प्राचार्य काखेत प्लेटांचा गठ्ठा घेऊन दारात हजर. चेहऱ्यावर दिवाळी. मॅडम क्षणभर त्या गठ्ठ्याकडे बघत राहिल्या, मग टेबलावर साचलेल्या पुडक्यांकडे.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा आहेर मी घेतला. आता माझ्याकडून परतीचा आहेर तुम्ही घ्यायचा."

याला नाही कोण म्हणणार? नामपूरची ताटं हरसूलच्या बायकांना गेली, हरसूलची कळवणला, कळवणची नामपूरला. प्रत्येकीने आपल्याला काय मिळालं आणि कोणाकडून, ते काठावर वाचून घेतलं. चमचमता कागद फाटू न देता सोडवून, घडी घालून पिशवीत गेला. तो फेकण्याचा विचार तिथे कोणाला शिवलाही नाही. पंगत बसली. भरल्या वांग्यांचा वास हॉलभर पसरला.

प्राचार्य अजून दारातच होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि ताट त्यांनी आणलं नव्हतं. काखेतला गठ्ठा फोडला असता तर जेवणही मिळालं असतं आणि अटही मोडली असती. ते गठ्ठ्याच्या दोरीशी बोटांनी चाळा करत राहिले. मॅडमनी लंकाबाईंनी दिलेलं ताट तेवढं स्वतःसाठी ठेवलं होतं आणि आधीच वाढून घेतलं होतं. त्या उठल्या आणि ते तसंच प्राचार्यांपुढे धरलं. प्राचार्यांनी गठ्ठा खाली ठेवला.

ते पोटभर जेवले आणि नळावर बायकांच्या रांगेत ताट घासायला उभे राहिले. पुढे लंकाबाई होत्या. या साहेबांना त्या ओळखत नव्हत्या. त्यांच्या हातातलं ताट मात्र त्यांनी लगेच ओळखलं.

"भाऊ, तुम्ही नवरदेवकडला शेतस का नवरीकडला?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं.

प्राचार्यांनी ताटावरची नावं वाचली. वर बघितलं, तर मॅडम उपाशीपोटी दुसऱ्यांना वाढत होत्या.

"नवरीकडचा," ते म्हणाले.