उरला एवढाच शब्द

आमचे बाबा इंग्रजीचे मास्तर. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला, ‘राउंड’. वर्गात ते म्हणायचे, "एवढासा शब्द, पण नाम म्हणून राबतो, क्रियापद म्हणूनही. वाक्यातली जागा बघा, काम कळेल!" मला कधीच कळलं नाही. मग भर वर्गात पोटच्या पोरीचाही कान पिळायचे.

आज सकाळपासून "राउंड, राउंड" चाललंय. पाणी दिलं, नको. उशी सरकवली, पंखा लावला, तेही नको. शेवटी मी ओरडले, "नाही कळत हो मला! तेव्हाही कळत नव्हतं!"

त्यांनी वर्गातल्यासारखेच डोळे वटारले. मी मुकाट्याने कान त्यांच्या त्या उजव्या हाताजवळ नेला. बोटं हललीच नाहीत.