पुणे खोडलं, खाली सिल्वासा लिहिलं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी जुनी ट्रंक आहे, भंगार नाही. माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात, पण धरून आहेत. निळा रंग उडालाय तिथे दिसतो तो खरा, जाड पत्रा आहे. चाकांच्या बॅगांसारखी मी दोन प्रवासांत फाटत नाही. हे बोलले म्हणून रागावू नका, माझा स्वभावच तसा आहे.

अमळनेरच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला घडवलं. हातोडीने ठोकून ठोकून त्याने माझे कोपरे वळवले. वाल्मिक बोरसे नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. गावात काम नव्हतं, म्हणून तो सिल्वासाकडे कारखान्यात निघाला होता. दोन शर्ट, एक चादर आणि आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी, एवढाच संसार माझ्या पोटात होता. सिल्वासाजवळ खडोली गावातल्या चाळीत मी त्याचं टेबल झाले आणि पाहुणा आला की खुर्ची झाले. "वाल्मिकची पेटी मजबूत आहे हं," असं शेजारी म्हणायचे आणि मी फुशारून जायचे. मग त्याचं लग्न झालं, घरात कपाट आलं आणि मला पलंगाखाली ढकलण्यात आलं. वीसएक वर्षं मी गोधड्या सांभाळत धूळ खाल्ली. वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

यंदा मात्र मला बाहेर ओढलं. वाल्मिकची लेक रोशनी बारावी झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं आणि तेही पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात शिकून. वेटिंग लिस्टमध्ये तिचा नंबर चौथा लागला. वाल्मिकच्या कंपनीतले राजेंद्र साहेब मूळचे पुण्याचे. ते म्हणाले, "चौथा म्हणजे झालंच समजा." साहेबांचा शब्द वाल्मिकने गाठीला बांधला.

इथेच त्याची चूक झाली. तो पॅकिंग खात्यात आहे, रोज ड्रमांवर पत्ते छापतो. त्यांच्याकडे गाडी फाटकात यायच्या आधी मालावर पत्ता तयार लागतो. त्याच सवयीने त्याने एका रविवारी मला घासलं, कड्यांना तेल दिलं, अक्षरं कापलेली पत्र्याची पट्टी धरली आणि माझ्या झाकणावर काळ्या रंगात छापलं: रोशनी वाल्मिक बोरसे, नर्सिंग कॉलेज, पुणे. सगळी चाळ बघायला आली. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले होते.

पुण्याची यादी दुसऱ्या नंबरावरच बंद झाली.

रोशनीने माझ्यावर चादर टाकली आणि चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. सिल्वासाच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचं नाव लागलं होतं, पण तिथे हजर व्हायची शेवटची तारीख शनिवार होती. नाही गेली तर वर्ष हातचं जाणार होतं. वाल्मिक कामावरून यायचा, डबा ठेवायचा आणि दारातूनच विचारायचा, "काय ठरनं पोरी?" ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. चाळीतल्या बायका येता-जाता कुजबुजायच्या की आता ट्रंकेचं काय करणार. माझं काय करणार म्हणे! मला त्यांचा असा राग आला होता.

शुक्रवारी संध्याकाळी वाल्मिक थिनर आणि पॉलिशपेपर घेऊन आला. माझ्यावरचं नाव खरवडायला बसणार, तेवढ्यात रोशनी उठली.

"पप्पा, ड्रमवर चुकीचा पत्ता पडला तर तुम्ही खरवडता?"

"नाही बेटा. खरवडलं की बघणाऱ्याला शंका येते. एक सरळ रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे. खाली बरोबर लिहायचं आणि सही करायची."

"मग ब्रश द्या इकडे."

तिने 'पुणे'वरून एक रेघ ओढली, खाली 'सिल्वासा' लिहिलं आणि कोपऱ्यात सही ठोकली. तिची आई म्हणाली, "अगं, लोक वाचतील की." रोशनी म्हणाली, "वाचू दे. मी मागितलं, त्यांनी दिलं नाही. चोरी थोडीच केलीय?" इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींना होस्टेलात राहावंच लागतं, म्हणून शनिवारी मीही टेम्पोत चढले. खोलीतली दुसरी मुलगी ममता, इथल्याच दुधनी गावची. मला बघून ती हसली, "ओहो, पुणेवाली आली." "पुण्याने घेतलं नाही म्हणून आली," रोशनीने सरळ सांगून टाकलं. ममताने हसू आवरलं आणि तिनेच माझी एक बाजू धरून मला खाटेशेजारी सरकवलं. तरी पहिला आठवडा रोशनी रोज माझ्या झाकणावर डोकं टेकून रडली. ते मी लपवणार नाही.

पाचव्या आठवड्यात मुलींना वॉर्ड दाखवायला नेलं. तिथे सुरंगी गावचा नथूबाबा होता, पायाला जखम झालेली. तो आपल्या वारली बोलीत काहीतरी सांगत होता आणि कॉलेजच्या मॅडमना कळत नव्हतं. खडोलीच्या शाळेत रोशनीच्या बाकावर वारली मुलीच बसायच्या. ती पुढे झाली, त्याच्याशी बोलली आणि मॅडमना म्हणाली, "बाबा सांगतायत, काल पट्टीखाली झाडपाला बांधला तेव्हापासून आग होतेय." मॅडमनी लगेच पट्टी सोडायला लावली. घरात अहिराणी, चाळीत हिंदी, बाजारात गुजराती, शाळेत वारली, या सरमिसळीची रोशनीला लाज वाटायची. त्या दिवशी ती माझ्यावर बसून ममताला हे सगळं सांगत होती आणि तिचे पाय नुसते हलत होते.

आणि शुक्रवारी वाल्मिकचा फोन आला. तो इतक्या मोठ्याने बोलतो की मलाही ऐकू येतं. "पोरी, पुण्याहून बोलावणं आलं! एक जागा रिकामी झालीय, तिसऱ्या नंबरवालीने नाही म्हटलं. सोमवारपर्यंत ये म्हणतात."

रोशनी माझ्यावर येऊन बसली. मित्रांनो, मलाही पुणं बघायचं होतं. पण तिने हो म्हटलं असतं तर मला फार लागलं असतं, आणि का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.  वाल्मिक फोनवर नुसता हॅलो हॅलो करत राहिला.

"पप्पा, त्यांना नाही म्हणून सांगा."

"अगं, राजेंद्र साहेब काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. तिथं कोणीतरी सोडलेली जागा आहे. इथं हजेरीत माझं नाव आहे, आणि सोमवारी नथूबाबा माझी वाट बघणार आहे."

वाल्मिकने साहेबांचा विषय सोडून दिला. मग म्हणाला, "जेवलीस का?"

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूला अधूनमधून तेल द्या, धूळ पुसा, आम्ही अजून पुष्कळ ओझं उचलू. आणि ज्याचा नंबर लागला नाही त्याच्या दारात 'अरेरे' करत उभे राहू नका. सामान उचलायला एका बाजूने हात लावा आणि बाजूला व्हा. पुढचं त्याचं तो बघेल. आमच्या रोशनीने बघितलं.