पितरांना हाक मारणारी थाळी

मी एक जुनी पितळी थाळी आहे. मित्रांनो, थाळी म्हटल्यावर तुम्हाला भात-कालवण आठवले असेल, पण माझ्यात जिवंत माणूस कधी जेवलेला नाही. कल्याणच्या एका तांबटाने मला घडवले आणि बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या डोंगरातल्या एका वाडीवर माझी हयात गेली.

माझ्या मधोमध मेणाचा गोळा बसवून त्यात एक सरळ काडी उभी करतात. तिच्यावरून बोटांची चिमटी वरून खाली ओढत राहिले की मी घुमू लागते. घरात कोणी गेले की त्याचे दिवस घालताना माझा धनी सुकऱ्या मला वाजवायचा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावे गायचा. नाव घेतले की तो पूर्वज दारात हजर. पुरात वाहून गेलेली पणजी ओल्या लुगड्याने यायची. वाघाने नेलेला थोरला काका वाघाच्याच पाठीवर बसून यायचा, आणि वाघ बिचारा बाहेर आवळीखाली थांबायचा. कोंबड्यासुद्धा दचकत नसत. मग ती सगळी मंडळी नव्या मेलेल्याला मध्ये घेऊन डोंगरापलीकडे जात. इतकी वर्षे पाहूनही दर वेळी माझा ऊर भरून येई.

एक्क्याण्णव साली सुकऱ्याच गेला. त्याचा मुलगा देऊ लहानपणापासूनच उल्हासनगरला भांड्यांच्या दुकानात कामाला होता. बापाच्या दिवसांना तो आला आणि माझी कळा पाहून हळहळला. माझ्यावरचा काळा गोळा त्याने खरवडून उकिरड्यावर टाकला आणि चिंच लावून मला घासले. माझ्यात तोंड दिसू लागले. वाडी कौतुक करत होती आणि मी मात्र मुकी झाले होते. देऊने काडी मेणबत्तीच्या मेणात बसवली. बोट लागताच ती आडवी पडली.

सुकऱ्या उंबऱ्यावर बसून होता. मला तो दिसत होता. सगळ्यांसाठी हाक मारणाराच मेला, आता त्याच्यासाठी पितरांना बोलवणार कोण? मला फार वाईट वाटले.

त्याची बायको बाळी मुलाला म्हणाली, "देऊ, त्यो गोळा कुठं टाकलास?"

"मळ व्हता ना, आये. आमचा शेठ बोलतो, माल चकाचक पायजे."

"मळ नाय रं. रानच्या पोळ्याचं मेण ते. तुज्या आज्याच्या आज्यानं लावलं, मंग दर पिढीनं थोडं थोडं."

देऊ उकिरड्याकडे धावला. तिथे राखेवर मधमाश्या दाटून बसल्या होत्या. त्यांच्याखाली नेमका तो गोळा. त्याने भीत भीत हात घातला. एकही माशी चावली नाही.

गोळा तळहातात मऊ करून त्याने काडी रोवली आणि बोटे ओढली. मी घुमले. पण नावे त्याला कुठे येत होती? तेवढ्यात माझ्या घुमण्यातून त्याला बापाचा आवाज ऐकू आला. सुकऱ्या एकेक नाव सांगे, देऊ गाई, आणि अंगण भरत जाई. शेवटी एकच नाव उरले. ते मात्र सुकऱ्या सांगेना.

देऊने पुन्हा काडीवरून बोटे ओढली. "सुकऱ्या," तो म्हणाला. बापाला त्याने जन्मात पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. सुकऱ्या उठला आणि आपल्या माणसांत मिसळला.

आता मी पुन्हा काळी झाले आहे, आणि गोळ्यावर देऊच्या हातचे थोडे मेण चढले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण खरवडायला घेण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा. तुम्हाला जो मळ वाटतो, त्यात कोणाकोणाचे हात असतात.