किती ते सांगा

इस्पितळातल्या खाटेशेजारच्या कपाटावर संत्र्यांच्या पाच पिशव्या होत्या, पाण्याच्या चार बाटल्या, तिळाच्या बिस्किटांचे दोन डबे, एक चष्मा आणि संत नेक्तारिओसच्या तीन तसबिरी. तिसरी आत्ताच आली होती. गारुफालियानं ती रुमालातून काढली, तिच्यावरून हात फिरवला आणि आधीच्या दोन्हींच्या रांगेत उभी केली.

"असू दे गं उशाशी," ती मोठ्या बहिणीला म्हणाली. "तसं काही नाहीये. जराशी सूज आहे. हळूहळू उतरेल."

स्तमातिया उशीला टेकून तसबिरींकडे पाहत होती. गावात संतांची काही वानवा नव्हती. डोळ्यांसाठी परास्केवी, हरवलेल्या वस्तूंसाठी फानुरिओस, बाळंतिणींसाठी एलेफ्थेरिओस, दर्यावर गेलेल्यांसाठी निकोलाओस. तीन घरांतून तीन बायका आल्या, एकमेकींना न विचारता, आणि तिघींनी नेमका नेक्तारिओसच उचलून आणला. त्याच्याकडे माणसं एकाच आजारासाठी धाव घेतात, कॅन्सरसाठी. साध्या सुजेसाठी त्याला कोणी उठवत नाही.

"सूज कुठे आहे?" तिनं विचारलं.

"आतमध्ये."

"आतमध्ये कुठे?"

"मी काय डॉक्टर आहे? मनात वाईट आणू नकोस, स्तमातिया. देव आहे."

"देव आहे, ते मला माहीत आहे. मी सुजेचं विचारतेय."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी आन्थुला खुदकन हसली. तिचं पित्ताशय काढलं होतं आणि आतले खडे एका बरणीत घालून तिच्या हातात दिले होते. "माझे तेरा निघाले," ती म्हणाली. "प्रत्येकाला दाखवते. तुझं प्रकरण वेगळं दिसतंय, बाई. तुझ्याकडे येणारे सगळे दाराबाहेर आधी डोळे पुसतात."

गारुफालियानं तिच्याकडे असं काही पाहिलं की म्हातारी बरणीचं झाकण घट्ट करू लागली.

तेवढ्यात प्रोकोपिस कॉफीचा पेला घेऊन आला. स्तमातियाचा हा एकुलता मुलगा, चाळिशीला टेकलेला. एरवी तो खोलीत शिरला की आधी खुर्ची ओढायचा, मग बोलायचा. आज उभाच राहिला. "उद्या घरी जायचं, आई. चार दिवस आराम. मग अथेन्सला एक छोटंसं काम आहे, ते उरकून टाकू."

"कसलं काम?"

"छोटंसं. तू काळजी करू नकोस, मी डॉक्टरांशी बोललोय."

"डॉक्टर माझ्याशी कधी बोलणार?"

"आई, शांत हो."

"मी शांतच आहे. आवाज तुझा चढलाय."

स्तमातियानं गावच्या सहकारी तेलघाण्यावर एकतीस हंगाम काढले होते. घाणा-बिणा चालवणं तिचं काम नव्हतं. ती मागच्या खोलीत बसून तेलाची आम्लता मोजायची. लोक आपापल्या ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणून समोर उभे राहत आणि ती काचेच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडत राही, गुलाबी रंग टिकेपर्यंत. "बरं आहे ना गं?" सगळे हेच विचारत. ती 'बरं' म्हणत नसे. शून्य पॉइंट पाच म्हणे, किंवा दोन पॉइंट एक. दोन पॉइंट एक ऐकणारा माणूस शिव्या घालत निघून जाई आणि रात्री भानावर येऊन ठरवी, की हे खायला ठेवायचं नाही, कारखान्याला देऊन टाकायचं. आकडा हातात होता म्हणून ठरवता येई.

इराक्लिसच्या वेळी मात्र कोणी आकडा दिला नव्हता. तिच्या नवऱ्याला घरानं सांगितलं होतं, जठराला सूज आहे. पाव मऊ करून खा, हळूहळू बरं वाटेल. हे सांगणाऱ्यांत तीही होती. मेलबर्नला त्याचा भाऊ होता, बावीस वर्षांत भेट नव्हती. इराक्लिसनं तिकीट काढलं आणि पुढे ढकललं, जरा बरं वाटलं की निवांत जाऊ म्हणून. भाऊ शेवटी अंत्यविधीला आला.

नर्स आत आली, हातात रबरी पट्टा आणि सुईचं तबक. "स्तमातियाबाई, दंड मोकळा करा. अगदी मुंगी चावल्यासारखं, काही कळणारसुद्धा नाही."

स्तमातियानं दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

"हात मिळणार नाही," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांना पाठव. माझ्या पोटात काय आहे आणि केवढं आहे ते त्यांना मला सांगू दे. मग दोन्ही दंड घे."

"अगं, रक्तच तर घेतायत," गारुफालिया म्हणाली.

"रक्त माझंच आहे ना?"

मग सगळे एकदम बोलू लागले. काही नाही, काही नाही. धीर धर. उगाच जीव जाळू नकोस. दारात डोकावलेल्या कोणाच्या तरी मावशीनंही ओळख नसताना "सगळं छान होईल, पोरी" म्हणून घेतलं. नर्स म्हणाली, मी नंतर येते. स्तमातिया म्हणाली, नंतरही हेच ऐकायला मिळेल.

प्रोकोपिस खाटेच्या कडेला बसला. त्याचा चेहरा आता लहान मुलासारखा झाला होता. "बाबांच्या वेळेसारखं करू नये असं मलाही वाटलं गं. पण तुला कळलं आणि तू खचलीस तर?"

"तर खचेन. तुझी परवानगी घेऊन खचू का?"

"मीच डॉक्टरांना सांगितलंय, आईला काही बोलू नका म्हणून."

"मग तूच जाऊन सांग, की बोला. मी इथून उठणार नाही, अथेन्सला जाणार नाही, कोणाच्या सुईखाली येणार नाही. मला मेलबर्नला जायचं असेल, शेत विकायचं असेल, नाहीतर नुसतं भांडायचं असेल. काय ते मी ठरवेन. पण कशावरून ठरवू? तीन तसबिरींवरून?"

गारुफालियानं तसबिरींकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तसबिरींनीच सगळं सांगून टाकलं होतं, हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

प्रोकोपिस उठून बाहेर गेला. आन्थुलानं बिस्किटांचा एक डबा मागून घेतला.

प्रोकोपिस डॉक्टरला घेऊन आला. ती त्याच्या वयाचीही नव्हती. छातीशी टॅबलेट धरलेला. "स्तमातियाबाई, घाबरण्यासारखं काही नाही."

"मी घाबरले की नाही ते राहू दे, पोरी. कुठे आहे?"

डॉक्टरनं प्रोकोपिसकडे पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

"उजव्या मूत्रपिंडावर. गाठ आहे. आमच्या अंदाजानं ती चांगली नाही. दुसरीकडे कुठे पसरलेली दिसत नाही."

"केवढी?"

"फार मोठी नाही."

"'फार मोठी नाही' हे माप नाही. तुझ्याकडे चित्र आहे ना? दाखव."

"दाखवते. पण आधी जरा पाणी प्या, श्वास घ्या—"

"श्वास चालू आहे."

डॉक्टर खाटेवर, स्तमातियाच्या गुडघ्यांपाशी बसली आणि टॅबलेट दोघींच्या मधे धरला. राखाडी चित्रात एक फिकट गोल होता. स्तमातियानं कपाटावरचा चष्मा मागितला. प्रोकोपिसनं दिला.

"मोज," ती म्हणाली.

डॉक्टरनं गोलाच्या एका कडेवर बोट टेकवलं. तिथे एक छोटी फुली उमटली. बोट हळूहळू सरकवत तिनं समोरच्या कडेपर्यंत नेलं, एकदा थोडं मागे घेतलं, मग दुसरी फुली ठेवली. दोन फुल्यांमध्ये तुटक रेघ आली आणि रेघेखाली आकडा.

अडुसष्ट मिलिमीटर.