दोघींचं रक्त

“टपाल लावायचंय बाई, जपून ठेवायचं नाहीये,” साहेब म्हणाले आणि खोलीत हशा पिकला. तिच्या हातात मघापासून एकच पाकीट होतं. पत्ता वाचून झाला होता, कप्पा समोर होता, हात मात्र उचलत नव्हता.

पंधरा वर्षं टपाल लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेल्या दोन वर्षांत तिची रयाच गेली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, कंगव्यात केसांचा पुंजका. ऐन उन्हाळ्यात सगळे पंखा मोठा करायचे, ही शाल पांघरायची. ऑफिसात तिचं नाव पडलं ‘गोगलगाय’. नवरा म्हणायचा, “मनावर घेतलंस तर सगळं होईल.”

पहिल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी झोपेच्या, झोप तर तिला बसल्या जागी येत होती. तिसरे मान वर न करताच म्हणाले, “वय झालं आता. चालायला जात जा.” तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती.

चौथी डॉक्टर तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं, गळा चाचपला, घोट्यामागे छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला त्याने वेळ लावला. मग रक्त तपासलं.

“तुमची थायरॉइड ग्रंथी मंदावलीय. हा आळस नाही, आजार आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा जन्मभर. घरात आणखी कुणाला?”

“नाही,” ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

आई. सुजलेल्या डोळ्यांची, बारा महिने स्वेटरमधली आई. बाबा तिला चारचौघांत ‘अजगर’ म्हणायचे. आणि एकदा आपल्या मैत्रिणी घरी आलेल्या असताना ती स्वतःच आईला म्हणाली होती, “ऊठ ना गं, किती लोळशील!” आई उठली होती, भिंतीला धरून.

रजा टाकून ती भावाकडे गेली, आईला तपासायला आणायला.

“मला कशाला सुया टोचवतेस? मी मेली जन्माची आळशी,” आई म्हणाली. तरी आली.

आईचा रिपोर्ट डॉक्टरने दोनदा वाचला. “आजी, कधीपासून असं थकायला होतंय?”

“धाकटा झाला, तेव्हापासून.”

धाकटा आता अडतीसचा होता.

“तुमचं वय बघून अगदी कमी औषधाने सुरुवात करू,” डॉक्टर हळूच म्हणाली. “यात तुमची काही चूक नव्हती.”

बाहेर बाकावर बसल्यावर आईने तो कागद मांडीवर सरळ केला. चष्मा घरी राहिला होता.

“यात तसं लिहिलंय का गं? मी आळशी नव्हते म्हणून?”

“लिहिलंय, आई.”

“मग वाच की. मोठ्याने वाच.”

कागदावर नुसते आकडे होते. तिने ते सगळे, एकेक करून, मोठ्याने वाचले. येणारेजाणारे वळून बघत होते. आई मान ताठ करून ऐकत राहिली.