ओके शीट

हनीफमियांच्या सहीशिवाय भाईदासशेठच्या छापखान्यात मशीन सुटत नसे. जळगावच्या एमआयडीसीत चार रंगांची मशीनं आता पैशाला पासरी झाली, पण नमुन्याशेजारी पहिली शीट धरून ‘जमलं’ म्हणणारा डोळा विकत मिळत नाही, असं शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या पहिल्या शीटला ओके शीट म्हणतात. तिच्यावर हनीफची सही पडली की पुढचे हजारो कागद तिच्याबरहुकूम निघायचे.

आणि या हनीफला दोन वर्षांपासून लाल रंग धड दिसत नव्हता.

हे त्याने घरी सांगितलं नव्हतं, डॉक्टरला तर नाहीच. मशीनमॅनने असं कबूल करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं. शाई कमीजास्त करायच्या चाव्या तो हाताच्या सवयीने फिरवायचा आणि माल कधी परत यायचा नाही. हात अजून पक्का आहे म्हणून गडी मनातल्या मनात फुशारतही असे.

त्या सकाळी तो न्याहारीला बसला होता. रूहीने, त्याच्या शिक्षिका असलेल्या मुलीने, कपाटात अंथरायला छापखान्यातून आणलेली रद्दी शीट उलगडली. कपाशीवर फवारायच्या औषधाची लेबलं होती, आदल्या दिवशी छापलेली.

“अब्बू, खोपडी छापी है और नीचे का निशान पीला? लाल होना ना?”

हनीफला त्या निशाणाचा अर्थ ठाऊक होता. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल विष, पिवळं त्याच्या खालचं. बारीक अक्षरं कोण वाचतो? शेतकरी रंग बघून बाटली उचलतात आणि उघड्या हातांनी औषध कालवतात. छपाईत लाल होतो तो गुलाबी आणि पिवळ्या शाईचा मिळून. गुलाबी कमी पडली होती आणि त्याने बिनदिक्कत सही ठोकली होती. माल तर सकाळीच धुळ्याला निघाला होता.

ताट तसंच टाकून तो छापखान्यात शेठकडे आला. वाटेत मनात आलं, शाईवर खापर फोडावं. शाई काय उलट बोलणार आहे?

“भाऊ, धुळ्याचा टेम्पो थांबवा. बठ्ठी, सगळीच्या सगळी लेबलं चुकली.”

शेठनी लगेच ड्रायव्हरला फोन लावला. “लोटन, कुठे पोहोचला? पारोळा? तिथूनच माघारी फिर.”

हनीफ टेबलासमोर उभाच होता. शाईचं नाव ओठांवर आलं होतं, पण ते काही बाहेर पडेना.

“मला लाल दिसत नाही, भाऊ. दोन वर्षं झाली.”

“माले माहीत शे,” शेठ हळूच म्हणाले. “सही झाली की तुम्हाला चहाला पाठवायचो ना, तेवढ्यात आपली डिझाइनवाली रत्ना शीट तपासून चाव्या ठीक करायची. तीस वर्षं इथे काम केलेल्या माणसाला काय तोंडावर सांगू, हनीफभाऊ? काल ती लग्नाला शिरपूरला गेली आणि माझ्या ध्यानातून गेलं.”

हनीफला आभार मानावे की शरमेने खाली बघावं कळेना. रागही आला होता, तो कुणावर हेही कळेना. तो खुर्चीवर टेकला.

“म्हणजे भाऊ,” तो म्हणाला, “दोन वर्षांत कालची एकच शीट माझी होती.”